देविदासभाऊंची मोजणी

देविदासभाऊ,

तुम्ही गेल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं. सुनंदाने फोन केले होते, पण मी चिखलदऱ्याच्या बाजूला एका नाल्याच्या पाहणीला गेले होते आणि तिथे फोन लागत नाही. परतवाड्यात उतरले तेव्हा तिचे तीन कॉल दिसले आणि खाली एक ओळ, "बाबा गेले. तुम्हाले कळवलं पाह्यजे म्हनून." मी स्टँडसमोरच्या हॉटेलात बसले, चहा सांगितला आणि तो पूर्ण प्यायले. रडू आलं नाही. हे तुम्हाला सांगायला मला संकोच वाटत नाही. आपलं सगळं बोलणं आकड्यांतून चालायचं, आणि आकडा सांगताना आवाज सरळ ठेवावा लागतो.

तुमचा जन्म, शिक्षण, शेती याबद्दल मी काही लिहिणार नाही. ते गावाला माहीत आहे. मला लिहायचं आहे ते आपल्या दोघांमधलं. त्यातला एक भाग तुम्हालाही माहीत नव्हता. तोही सांगते, पण आधी जे आधी घडलं ते.

मी चोवीस वर्षांची होते. नद्यांची पाणीपातळी मोजणाऱ्या सरकारी शाखेत कनिष्ठ अभियंता म्हणून लागले आणि अकोल्याच्या ऑफिसने पहिल्याच आठवड्यात पूर्णाकाठची मोजणीची ठिकाणं पाहून यायला सांगितलं. तालुक्यात टाकळ्या तीन. तुमची ती नदीची टाकळी. दर्यापूरहून काळीपिवळीने फाट्यावर उतरले तर तुम्ही सायकल धरून उभे. पांढरा पायजमा, डोक्याला दुपट्टा, खिशाला दोन पेनं. तुम्ही माझं नाव विचारलं, मग आडनाव विचारलं. आडनाव सांगितलं की समोरच्याचा चेहरा क्षणभर थांबतो आणि जात कळली की पुन्हा चालू होतो, हे मी शाळेपासून पाहत आले आहे. तुमचा थांबला नाही. तुम्ही म्हणालात, "मंग चाला म्याडम, ऊन चढून राह्यलं."

रस्त्यात मी मोजपट्टीबद्दल काहीतरी विचारलं, परीक्षेत लिहितात तशा भाषेत. तुम्ही सायकल थांबवून माझ्याकडे पाहिलंत. "तुमी अमरावतीच्या ना? मंग काऊन पुन्यावाल्यावानी बोलता?" त्यानंतर तुमच्याशी मी कधी तसं बोलले नाही. आत्ता लिहिताना मात्र हात त्याच भाषेकडे वळतो आहे, माझी तेव्हाची वाक्यंही तशीच उतरतायत, तेवढं चालवून घ्या.

मोजपट्टी तुम्ही लगेच दाखवली नाही. "पयले नदीसंगं चाला," म्हणालात. सायकल एका बाभळीला टेकवली आणि आपण काठाकाठाने निघालो. दिवाळी जवळ आली होती, कपाशीची बोंडं फुटली होती. नदी उजव्या हाताला. ती वळत गेली तसे आपण वळत गेलो. अर्ध्या वाटेवर समोरच्या काठावर टाकळी दिसली, अगदी कडेवर बसलेली. एका गोठ्याची अर्धी भिंत नदीवर लोंबत होती. आपण उभे होतो त्या काठाला मात्र नुसती वाळू, लांबवर पसरलेली. तुम्ही हाताने दाखवलंत, "बाहेरून कापते आन् आतून भरते. तिकडची माती काढते, इकडं आनून टाकते." मी मान डोलावली. हे मी पुस्तकात शिकले होते, आकृतीसकट. तरी पडायला आलेला गोठा त्या आकृतीत नव्हता.

सव्वा तास चाललो. माझी पाण्याची बाटली संपली. मग तुम्ही एका जागी उभं केलंत आणि विचारलं, "आपन कुठून निंगालो?" मी मागे पाहिलं, आलो त्या वाटेकडे. तुम्ही माझ्या खांद्यापलीकडे, तुरीच्या पट्ट्यातून बोट दाखवलंत. दोनशे पावलांवर तुमची सायकल उभी होती.

एवढं चालून आपण होतो तिथेच आलो होतो. नदीने एवढा मोठा वेढा घातला होता आणि तिचे दोन्ही काठ इथे दोनशे पावलांवर येऊन एकमेकांकडे पाहत होते. मधल्या पट्ट्याला गावात मान म्हणायचे. मानेच्या दोन्ही काठांवर तुम्ही हाताहाताच्या अंतराने बाभळीच्या खुंट्या ठोकल्या होत्या. काठ ढासळला की बाहेरच्या खुंट्या जायच्या. किती गेल्या ते तुम्ही पोळ्याच्या आधी आणि दिवाळीनंतर मोजायचात आणि एका शाळेच्या वहीत लिहायचात. हे काम तुम्हाला कुणी दिलेलं नव्हतं. तुमचं काम रोज सकाळी आठ वाजता पातळीचा आकडा वाचून कळवण्याचं, ऑफिसच्या भाषेत गेजवाल्याचं, तेही रोजंदारीवर. खुंट्यांची मोजणी तुमची स्वतःची होती, मी आले तेव्हा तिला अकरा वर्षं झाली होती.

"हे तुटन एक दिवस," तुम्ही म्हणालात. "मंग नदी सरळ जाईन. वेढ्यातलं पानी तिथंच राहीन."

"त्याला नालाकृती सरोवर म्हणतात," मी सांगितलं.

"नाल? घोड्याची?"

"हो. तशा आकाराचं तळं."

तुम्हाला तो शब्द आवडला. दोनदा म्हणून पाहिलात. मग म्हणालात, "आमच्याइकडं त्याले बुढी म्हनते." आणि पाणी उथळ होतं तिथून नदी ओलांडून, गाव मागे टाकून तुम्ही मला बुढी दाखवायला नेलंत. बाभळींनी भरलेला एक लांब वाकडा खोलगट पट्टा होता तो. तुमच्या आजोबांच्या वडिलांच्या वेळी पूर्णा तिथून जायची आणि टाकळीही तिथेच होती. कौलांचे तुकडे अजून मातीत होते. एक विहीर होती, तुम्ही पोहऱ्याने पाणी काढून माझ्या ओंजळीत ओतलंत. ते तोंडात धरवेना इतकं खारट होतं.

"नदी होती तवा काठची वाळू उकरली का झिऱ्याले गोड पानी लागे. नदी गेली आन् विहिरी खाऱ्या झाल्या. मंग गाव नदीमागं गेलं. आता पुन्हा गाव उचलता येत नाही ना म्याडम. आता घरं सिमेटाची हाय."

सगळं गाव नदी जवळ येते म्हणून घाबरलेलं होतं. ती जाईल म्हणून घाबरणारे तुम्ही एकटे होतात.

दुसऱ्या वर्षी गोठा पडला. एक म्हैस दगावली. मग अर्ज झाले, मोर्चा झाला, संरक्षक भिंत पाहिजे अशी मागणी झाली आणि पाहणीचा अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी जुने नकाशे काढले. मान तेव्हा किती रुंद होती आणि आता किती उरली, याची वजाबाकी केली, वर्षांनी भागलं. उत्तर चाळीस वर्षं आलं. नदी चाळीस वर्षं इथून हलत नाही, म्हणजे भिंत बांधणं योग्य. हे मी तुम्हाला तुमच्या अंगणात बसून सांगितलं. काकूंनी चहा आणला होता. तुम्ही बशीत ओतलेला चहा तसाच धरून ठेवलात.

"चाळीस कुठून आनले?"

मी समजावून सांगितलं.

"पाऊस का हिस्से करून पडते का म्याडम? पाच वर्स काईच होत नाही. मंग एका पुरात वीस हात जाते. वहीत पाहा तुमी."

"मग तुमचा अंदाज किती?"

"पाच. लय झाले तर सात पावसाळे."

"एवढं अचूक कसं सांगता येईल?"

"तुमी सांगतलं ना चाळीस."

काकू हसल्या. मला राग आला होता, पण मी दाखवला नाही. तुम्ही मग बशी खाली ठेवून हळू म्हणालात, "भित नका बांधू असं मी म्हनत नाही. ज्याचं घर कडेवर हाय त्याले भित पाह्यजेच. पन संगं हेबी लिहा का नदी गेली तर गावाले प्याचं पानी नाही. पाइप आनाले दहा वर्स लागते. आतापासून मागा." आणि घरातून वही आणून माझ्या हातात दिलीत. "हे जोडा कागदाले."

मी म्हटलं, जोडते.

आता तुम्हाला माहीत नसलेला भाग. अकोल्याला मी वही घेऊन साहेबांकडे गेले. त्यांनी चार पानं उलटली आणि विचारलं, "गेजवाल्याच्या वहीवरून अहवाल लिहायचा?" ते चिडले नव्हते, हसून विचारत होते. मला नोकरीला दोन वर्षंही झाली नव्हती. मी म्हणू शकले असते की हो, कारण या वहीत तेरा वर्षांची मोजणी आहे आणि आपल्या नकाशांत फक्त दोन टोकं आहेत. हे वाक्य मला तिथेच सुचलं होतं, नंतर नाही. मी ते बोलले नाही. अहवाल दीड पानाचा झाला. त्यात भिंत होती, चाळीस वर्षं होती. मानेचा उल्लेख एका ओळीत होता, प्यायच्या पाण्याचा नव्हता. वही मी पिशवीत घालून अमरावतीला घरी आणली, परत करीन म्हणून.

भिंत बांधून झाली. नारळ फुटला त्या दिवशी तुम्ही मांडवाच्या खांबाला टेकून उभे होतात. कार्यक्रम संपल्यावर माझ्याकडे आलात आणि विचारलंत, "वही पायली का सायबानं?"

"जोडली आहे," मी म्हणाले.

दोन शब्द. साहेबांनी पाहिली, हे खरं होतं, तेवढं सांगून सुटता आलं असतं. मी खोटं निवडलं कारण ते सोपं होतं आणि तुम्ही लगेच मान हलवून जिलेबी आणायला गेलात. नंतर ते दुरुस्त करायला मला अनेक संधी मिळाल्या. पुढची कितीतरी वर्षं तुम्ही सकाळी आकडा सांगून झाल्यावर मिनिटभर बोलायचात. काठात खंड्याने बिळं केली. कालच्या जागी आज भेग पडली, आता तिथं उभं राहायचं नाही. सुनंदाचं सासरी जमत नाही. सुनंदा परत आली, आता इथंच राहणार. माझं लग्न झालं तेव्हा तुम्ही तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन अमरावतीला आलात आणि पंगतीला न बसता निघून गेलात. डोळ्याच्या ऑपरेशनला आलात तेव्हा दोन दिवस आमच्याकडे राहिलात. बाहेरच्या खोलीत भिंतीशी कपाट आहे, त्याला टेकून तुम्ही दिवसभर बसायचात, डोळ्यावर हिरवी पट्टी, आणि माझ्या मुलीला खुंट्या कशा ठोकायच्या ते सांगायचात. वही त्याच कपाटात होती, खालच्या खणात, घराच्या कागदांखाली. मी स्वयंपाकघरातून तुमचं बोलणं ऐकत पोळ्या लाटत होते.

सातव्या पावसाळ्यात ते झालं.

मी अकोल्याला पूरकक्षात होते. तीन दिवस संततधार, पूर्णा वरपासून खालपर्यंत चढत होती. सकाळी आठला तुमचा आकडा आला, चढता. नऊला आला तो उतरलेला. वरच्या ठिकाणी पाणी चढतं आहे, खालच्या ठिकाणी चढतं आहे आणि मधे टाकळीला उतरतं आहे. लिपिक म्हणाला, "देविदासनं चष्मा लावला नसन." सगळे हसले. मी फोन घेतला.

"देविदासभाऊ, पुन्हा वाचा."

"तीनदा वाचला म्याडम. पाऊस चालू हाय आन् पानी उतरून राह्यलं."

"असं कसं होईल?"

तुमच्या मागे पावसाचा आवाज येत होता आणि त्याच्याही मागे एक घरघर होती, दूरवर दगडांची गाडी रिकामी करतात तशी. दहाला तुम्ही स्वतःच फोन केलात. आकडा सांगितला नाहीत.

"नदी गेली म्याडम."

नोंदवहीत नऊच्या आकड्यासमोर मी "वाचन संशयास्पद" असं लिहिलं होतं. ते नंतर खोडलं. खोडल्यावर बाजूला सही करावी लागते, ती केली. तुमच्या बाजूने मी कागदावर केलेली ती पहिली सही.

पाऊस थांबल्यावर चौथ्या दिवशी मी आले. मान उरलीच नव्हती. दोनशे पावलांच्या त्या पट्ट्यातून अख्खी पूर्णा लालभडक होऊन सरळ धावत होती, काठ अजून कोसळत होते. आणि टाकळीसमोर, आपल्या नव्या भिंतीच्या पायाशी, पाणी उभं होतं. त्यावर एक प्लॅस्टिकची बादली तरंगत होती, ती जागची हलत नव्हती. मी तयारी करून आले होते. तुम्ही "मी सांगतलं होतं" म्हणाल, त्यावर मी काय म्हणायचं ते रस्ताभर ठरवलं होतं. तुम्ही ते म्हणालाच नाहीत. मोजपट्टीकडे पाहत उभे होतात.

"आता काय वाचू?" एवढंच विचारलंत.

वाचायला काही राहिलं नव्हतं. ऑफिसने ते ठिकाण बंद केलं, तुमची रोजंदारी संपली. बंद करण्याच्या टिपणीवर माझी सही आहे. तांत्रिकदृष्ट्या ती बरोबर होती.

त्यानंतरचे दोन उन्हाळे टाकळीत टँकर आला. पहिले काही महिने लोकांनी तळ्याचं पाणी गाळून वापरलं, मग ते हिरवं पडलं, झिरे खारे झाले. काकू घमेलं डोक्यावर उपडं घालून टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या मी पाहिल्या. त्यांनी मला पाहिलं आणि नेहमीसारखंच विचारलं, "जेवल्या का?" पुढे पाइप आला, आता नळाला पाणी येतं. ती योजना सात वर्षं आधी मागितली असती तर ते दोन उन्हाळे टळले असते का, हे मला खात्रीने सांगता येत नाही. टळले असते असं वाटतं.

एका गोष्टीत मात्र तुम्ही चुकलात, आणि हे मी तुम्हाला तोंडावर सांगितलं होतं, कारण ते सांगणं सोपं होतं. तुमचं म्हणणं होतं की तळं तीन उन्हाळ्यांत वाळेल आणि घाण सुटेल. तसं झालं नाही. तळ्याची दोन्ही तोंडं गाळाने बुजली, पण मोठ्या पुरात नदी मागच्या बाजूने आत शिरते आणि ते भरून जाते. भोयांच्या चार घरांनी मासे सोडले. थंडीत बदकं उतरायला लागली. भिंतीवर आता संध्याकाळी म्हातारी माणसं बसतात, तिच्याइतकी चांगली बसायची जागा गावात दुसरी नाही. तुम्ही चिडायचात. "ह्या डबक्यानं माहं आयकलं नाही," म्हणायचात. मी म्हणायचे की तळं तीस वर्षं टिकेल. तुम्ही म्हणायचात दहा, त्याच्या वर एक दिवस नाही. मग मी विचारायचे, "लावता का चहाची पैज?" आणि तुम्ही म्हणायचात, "जिवंत राह्यलो तर पाजीन." शेवटचं बोलणं झालं तेही यावरच, गेल्या संक्रांतीच्या सुमारास. फोन ठेवताना मी म्हटलं, तुम्हाला एक सांगायचं आहे, आले की सांगते. तुम्ही म्हणालात, "या. घाई नाही."

मी तेरवीच्या दोन दिवस आधी आले. पाहुण्यांची गर्दी नव्हती. काकू आत पडून होत्या. सुनंदा अंगणात गहू निवडत बसली होती. मी तिच्यासमोर वही ठेवली आणि सगळं सांगितलं, आत्ता तुम्हाला लिहिलं त्याच क्रमाने. ती गहू निवडत राहिली. माझं संपल्यावर तिने सूप बाजूला ठेवलं.

"मंग आता काहून सांगून राह्यल्या? बाबा होते तवा सांगाचं होतं."

"हो."

"तेले वाटे सरकारनं वही वाचली आन् फेकून देल्ली. मराच्या आधीबी तेच म्हने. तेरा वर्स मोजलं, कोनी आयकलं नाही. मी म्हनो, तुमच्या म्याडमनंच काई केलं नसन. तर माह्यावर चिडे. म्हने, त्या पोरीनं आपलं काम केलं, वरच्यायनं फेकलं."

तुम्ही माझी बाजू घेत होतात. वीस वर्षांच्या नोकरीत माझी बाजू इतक्या ठामपणे कुणी घेतल्याचं मला आठवत नाही, आणि ती खोट्यावर उभी होती. त्या क्षणी माझं काय झालं ते मी नीट लिहू शकत नाही. अंगणात उन्हं होती, गव्हातला एक किडा माझ्या हातावर चढला होता, तो मी पाहत होते.

सुनंदाने वही उघडली. तुमचं अक्षर तिच्या ओळखीचं. ती बोटाने ओळी वाचत गेली. उत्तर काठ, दोन गेल्या. दक्षिण काठ, काही नाही. उत्तर काठ, नऊ गेल्या. एका पानावर ती थांबली आणि वही माझ्याकडे वळवली. तिथे आकडा नव्हता. "सुनंदाचं लगन. खुंट्या पाह्यल्या नाही," एवढंच लिहिलं होतं. तेरा वर्षांतला तो एकच खाडा.

ती उठून आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "माफ करा म्हनान तर मी कोन करनारी. ते बाबाचं होतं." मग चपला पायात घालत, "खालच्या वस्तीत येता का? तुमी येनार म्हनून लोक वाट पाहून राह्यले."

ती वस्ती मला माहीत नव्हती. नदी सरळ झाली तसा तिचा जोर वाढला आणि कोसभर खाली जिथे ती पहिल्यांदा वळते, तिथला काठ आता ती खाते आहे. तिथे पंचवीस-तीस घरं आहेत. तुम्ही गेली दोन वर्षं सायकलवर तिथे जात होतात, हे मला सुनंदाने वाटेत सांगितलं. मला फोनवर तुम्ही याबद्दल कधी बोलला नाहीत. का बोलला नाहीत, हा विचार मी करून पाहिला. सरकारला सांगून उपयोग नाही असं तुम्हाला वाटलं असणार, आणि तसं वाटायला लावणारं सरकार मीच होते.

लोक काठावर जमले होते. बाया जास्त. सगळ्यांचं एकच म्हणणं, "भित पाह्यजे." मी त्यांना बसा म्हटलं आणि सांगायला सुरुवात केली. टाकळीच्या भिंतीचा अहवाल मी लिहिला होता. माझा हिशोब चुकला. देविदासभाऊंचा बरोबर होता, त्यांनी तो मला आधी दिला होता आणि मी तो वर पोचवला नाही. म्हणून टाकळीला दोन वर्षं टँकरचं पाणी प्यावं लागलं.

कुणी ओरडलं नाही. एक बाई म्हणाली, "ते झालं. आमचं काय?"

मग मी तुमच्यासारखं सांगितलं. काठ कसा कापला जातो, माती कुठे जाऊन बसते, कडेवरची कोणती घरं आधी हलवायला हवीत, आणि भिंत मागाल तेव्हा सोबत पाणी का मागायचं. किती वर्षं, असं एकाने विचारलं. मला माहीत नाही, असं उत्तर दिलं. ते ऐकून त्याला बरं वाटलं नाही. मलाही नाही. सुनंदा मागे उभी होती. मी एका ठिकाणी चुकले तेव्हा तिने मधेच दुरुस्त केलं, "तसं नाही म्याडम, बाबा म्हने भेग काठासंगं नाही पडत, आधी आत, जमिनीकडं पडते." लोकांनी तिच्याकडे पाहिलं आणि नंतरचे प्रश्न तिलाच विचारले.

अहवाल मी परवा लिहिला. आता मी स्वतःच त्या जागेवर आहे जिथे तेव्हा साहेब होते, पण माझ्याही वर कुणीतरी आहे आणि तोही चार पानं उलटून हसेल, हे धरून चालले आहे. छापील नमुन्यात शेवटी एक रकाना असतो, माहितीचा स्रोत. तिथे सगळे "कार्यालयीन अभिलेख" लिहितात, मीही इतकी वर्षं तेच लिहीत आले. या वेळी तिथे तुमचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आणि पुढे "राहणार नदीची टाकळी". वहीच्या सगळ्या पानांच्या नकला काढून मागे जोडल्या, लगनाच्या पानासकट. ते पान काढायचं का, असं टंकलेखक बाईंनी विचारलं. मी म्हटलं, नाही, तेही मोजणीतच आहे.

अहवाल परत आला तर मी पुन्हा तसाच पाठवीन.